बॉनेट नव्हे, आधी डिकी : ट्रायम्फच्या लुकास इंजेक्शनची पूर्वपीठिका

ट्रायम्फ टीआर-६ ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आचके द्यायला लागली की हात आपसूक बॉनेटकडे जातो. तिथे सहा सिलिंडर, सहा थ्रॉटल (हवेच्या झडपा), सहा प्लास्टिकच्या नळ्या आणि पेट्रोल मोजून देणारा, मीटरिंग युनिट नावाचा एक गूढ डबा. संशय त्या डब्यावरच येतो. बिघाड मात्र बरेचदा गाडीच्या दुसऱ्या टोकाला, डिकीत, स्टेपनीशेजारी असतो. असं का, हे समजायला ही यंत्रणा आली कुठून ते पाहावं लागतं. (चाकणला बनणाऱ्या ट्रायम्फ मोटरसायकलींशी या गाडीचं नातं नावापुरतं. मोटारी आणि मोटरसायकली १९३६ मध्येच वेगळ्या झाल्या.)

बर्मिंगहॅमची लुकास कंपनी विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध होती, आणि त्यातल्या बिघाडांसाठी बदनामही. पण जेट इंजिनांना इंधन पुरवणारे पंपही ती बनवत असे. पन्नाशीच्या दशकात तिने पेट्रोल इंजेक्शन (कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारण्याचं तंत्र) रेसिंगमध्ये आणलं. १९५६ च्या ल मान्स शर्यतीत जॅग्वारच्या डी-टाइप या रेसिंग गाडीवर ते बसवलं होतं. हॉथॉर्न आणि ब्यूब या चालकांची गाडी सुरुवातीलाच मिसिंग करू लागली, आणि कारण सापडेपर्यंत कित्येक फेऱ्या गेल्या. इंधनाच्या नळीला केसाएवढी चीर होती! गाडी सहावी आली. जिंकली तीही डी-टाइपच, पण खाजगी संघाची, साध्या कार्बोरेटरवाली. मीटरिंग शाबूत, नळी फुटलेली : हा नमुना पुढे पुन्हा पुन्हा दिसतो.

पुढच्या दहा वर्षांत ही यंत्रणा चांगली मुरली. जून १९६७ मध्ये नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला जिम क्लार्कने लोटस ४९ ही फॉर्म्युला वन गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकून दिली, तिच्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनावर लुकासचंच इंजेक्शन होतं. त्याच वर्षी ट्रायम्फने टीआर-६ च्या आधीची टीआर-५ बाजारात आणली. इंजेक्शन असलेली ती पहिली ब्रिटिश उत्पादन स्पोर्ट्स कार.

मीटरिंग युनिटची कल्पना मला आजही देखणी वाटते. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणारा एक रोटर, आणि त्यात शटल नावाची इवलीशी दांडी. पेट्रोलच्याच दाबाने ती या टोकाकडून त्या टोकाला जाते. त्या अंतरात मावेल तेवढं पेट्रोल एका सिलिंडरला, परतीच्या खेपेत दुसऱ्याला. अंतर वाढवलं की पेट्रोल वाढलं.

अंतर ठरवणार कोण, इथे रस्त्याची गाडी रेसिंगपासून वेगळी झाली. डीएफव्हीमध्ये ते काम थ्रॉटलला जोडलेला कॅम करायचा. ट्रायम्फने ते मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांच्या) व्हॅक्यूमवर सोपवलं. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम कमी होतो, शटलची धाव लांबते. विचार बरोबर होता. पण १५० हॉर्सपॉवरचा आकडा गाठण्यासाठी २.५ लिटरच्या या इंजिनाला जो तिखट कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दिला, त्याच्यामुळे आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, व्हॅक्यूम मुळातच तोकडा. त्यात थ्रॉटलचे स्पिंडल (आस) झिजले आणि बाजूने हवा ओढू लागले, की तो आणखी पडतो. युनिटला वाटतं, चालकाने पाय दाबला. ते पेट्रोल वाढवतं, प्लग काळे पडतात, आणि मेकॅनिक स्क्रू फिरवून मिक्स्चर कमी करत बसतो. मग गाडी हायवेवर उपाशी मरते.

आता डिकी. कार्बोरेटरला तीन-चार पीएसआय दाब पुरतो. या यंत्रणेला १०६ ते ११० लागतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तिपटीहून अधिक. हा दाब देणाऱ्या पंपाची मोटर होती काच पुसणाऱ्या वायपरच्या मोटरवरून घडवलेली. ती तापते. उरलेलं पेट्रोल टाकीत परत जातं, ते पंपाची उष्णता घेऊन. टाकी पाव भरलेली आणि ऊन कडक असेल तर तेच थोडं पेट्रोल फिरून फिरून गरम होतं, त्याची वाफ धरते आणि दाब ढासळतो. पंपावर फ्रोजन मटारची पिशवी ठेवून घर गाठल्याचे किस्से इंग्लंडमध्ये या गाडीच्या मालकांकडून ऐकायला मिळतात. हसू येतं, पण निदान अचूक आहे. डिकीपर्यंत आलेली लांब वायर, गंजलेलं अर्थिंग, पंपाला मिळणारे कमी व्होल्ट, यांनीही हेच होतं.

फसवणूक अशी की इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) साधारण ५० पीएसआयलाच उघडतो. त्यामुळे दाब पडला तरी इंजिन सुरू होतं, आयडलही धरतं. जोर मागितला की शटल वेळेत टोकाला पोहोचत नाही आणि गाडी खोकते. कार्बोरेटरवर हात बसलेल्या तेव्हाच्या गॅरेजवाल्यांना दाबाचं गेज लावायची सवयच नव्हती. कित्येक गाड्यांची इंजेक्शन यंत्रणा काढून कार्बोरेटर बसवले गेले. अमेरिकेला तर प्रदूषणाच्या नियमांमुळे सुरुवातीपासून कार्बोरेटरवालीच गाडी गेली. टीआर-५ बनल्या २,९४७, तिचं अमेरिकी भावंड टीआर-२५० मात्र ८,४८४.

यंत्रणा मुळातच कच्ची होती हे मला पटत नाही. १९७० च्या लंडन–मेक्सिको रॅलीत ट्रायम्फच्या इंजेक्शनवाल्या २.५ पीआय सेडान दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. फरक देखभालीचा होता. कंपनीने मात्र १९७३ च्या मॉडेलला सौम्य कॅमशाफ्ट दिला. कागदावरचा हॉर्सपॉवरचा आकडा १२४ वर आला (थोडी घट मोजणीची पद्धत बदलल्यामुळेही), आणि आयडल सुधारलं. १९७५ मध्ये इंजेक्शनवाली टीआर-६ थांबली.

हा इतिहास ठाऊक असलेला मेकॅनिक म्हणूनच मागून पुढे येतो. आधी फिल्टर, पंपाचे व्होल्ट, गेजवर दाब. बॉशचा नंतरचा पंप बसवला असेल तर निम्मी कटकट संपलेली असते. मग चालू इंजिनावर एकेका नळीवर बोट : पेट्रोलचा ठोका नाडीसारखा लागतो. एखादी नळी गप्प असेल तर त्या लाइनने एअर धरली आहे, इंजेक्टर उपसून बरणीत धरायचा आणि एअर काढायची. त्यानंतर स्पिंडल आणि सहा थ्रॉटलचा मेळ. मीटरिंग युनिट सर्वांत शेवटी. त्याला हात लावण्याआधी डिपस्टिक काढून नाकाशी धरायची. ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर युनिटचं सील गेलेलं असू शकतं. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये ते १० टक्क्यांपर्यंत आहे. अशा वेळी व्हायटॉन या इंधन सोसणाऱ्या रबराच्या ओ-रिंग घालून होईपर्यंत इंजिन सुरूच करायचं नाही.