तारखेला बांधलेला इतिहास

स्ट्रॅटेजी गेममधली गोष्ट आधी लिहून ठेवायची की खेळता खेळता घडू द्यायची, हा वाद जुना आहे. सुरुवातीला दोन वाटा सरळ वेगळ्या होत्या. १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये पटकथा नव्हती. जे घडेल तो इतिहास. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये लढाई जिंकली की कथेचा पुढचा, आधीच लिहिलेला प्रसंग समोर यायचा.

खरी पंचाईत झाली ती या दोन्हींची मोट बांधताना. २००१ च्या 'युरोपा युनिव्हर्सालिस २'मध्ये (यात खेळाडू इतिहासातला एखादा देश चालवतो) बऱ्याचशा घटना देशाला आणि सालाला बांधलेल्या होत्या. त्यामुळे ज्या शत्रूच्या जाचाला कंटाळून बंड व्हायचं, तो शत्रू नकाशावरून कधीच पुसला गेलेला असला, तरी बंड आपलं ठरल्या वेळी हजर! मुरलेले खेळाडू सालं पाठ करून आधीच तिजोरी भरून ठेवत. २००७ च्या तिसऱ्या भागात हे बंधन बरंच सैल केलं, पण त्याबरोबर देशादेशांतला फरकही पुसट झाला.

२०१३ च्या चौथ्या भागातला बरगंडी या जुन्या युरोपीय ड्यूकशाहीचा वारसा पाहा. प्रत्यक्षात १४७७ साली नान्सीच्या लढाईत ड्यूक चार्ल्स मारला गेला, मागे मुलगी मेरी उरली, तिचं लग्न हॅब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनशी झालं आणि बराचसा मुलूख त्या घराण्याकडे गेला. गेममध्ये हे प्रकरण १४७७ ला बांधलेलं नाही. ड्यूक निपुत्रिक मेला की ते उद्भवतं, आणि शेजारी ताटकळत बसतात. माझ्या मते तोडगा इथेच होता: घटना लिहा, पण ती परिस्थितीला बांधा. तरी लंबक पुन्हा मागे आलाच. २०१६ च्या 'हार्ट्स ऑफ आयर्न ४'मध्ये फोकस ट्री आल्या, २०१८ मध्ये 'युरोपा ४'मध्ये मिशन ट्री; दोन्ही म्हणजे प्रत्येक देशासाठी आधीच आखून दिलेल्या उद्दिष्टांच्या पायऱ्या. पुढची पायरी डोळ्यांसमोर असली की माणूस नकाशापेक्षा तीच बघत बसतो.

दुसऱ्या टोकाला २००६ चा 'ड्वार्फ फोर्ट्रेस', जिथे गेम सुरू होण्याआधीच त्या जगाचा शतकांचा इतिहास संगणक रचतो. 'रिमवर्ल्ड'ने तर कोणती घटना कधी आणायची हे ठरवणारा निवेदकच निवडायला दिला. त्यातली कॅसँड्रा ताण टप्प्याटप्प्याने वाढवते. रँडी मात्र कधी काय पाठवेल, नेम नाही.