पुरंदर विमानतळ: हरकत आणि जनसुनावणीत मत कसं नोंदवावं, पात्रता आणि कागदपत्रं

पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाबद्दल मत नोंदवायच्या कायद्यात दोन वेगळ्या जागा आहेत. एक भूसंपादनावरची हरकत आणि दुसरी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं ती पर्यावरणविषयक जनसुनावणी. पहिल्या ठिकाणी ज्याची जमीन जाते किंवा त्या जमिनीत ज्याचा हक्क आहे, त्याचं ऐकलं जातं. दुसऱ्या ठिकाणी भूमिहीन मजुरापासून पुण्यातल्या प्रवाशापर्यंत कुणालाही मत देता येतं. दोन्हींचा कायदा, अधिकारी आणि मुदत वेगवेगळी. सर्वाधिक नुकसान इथल्या गल्लतीने होतं. ओढा बुजण्याची भीती भूसंपादन अधिकाऱ्यापुढे आणि मोबदल्याच्या दराची तक्रार प्रदूषण मंडळाच्या मंडपात मांडली, की दोन्हीकडे ‘सदर मुद्दा या कार्यवाहीशी संबंधित नाही’ एवढाच शेरा पडतो.

प्रकरण थोडक्यात असं. पुण्याचा सध्याचा विमानतळ लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमानं त्याच धावपट्टीवर उतरतात. 2024 मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, पण धावपट्टी तीच राहिली. वाढत्या पुण्यासाठी आधी खेड-चाकण परिसराचा विचार झाला, मग 2016 मध्ये पुरंदर तालुक्याचं नाव पुढे आलं. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव ही ती सात गावं. अंजीर, सीताफळ, पेरू आणि वाटाण्याचा हा पट्टा. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही आहे. आधी आखलेलं क्षेत्र विरोधानंतर कमी करून सुमारे 3000 एकरांवर आणण्यात आलं. मे 2025 मध्ये ड्रोन सर्वेक्षणावरून गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, तेव्हा हा विषय राज्यभर पोचला.

कोणता कायदा लागू होतो, हे आधी बघा

‘70 टक्के शेतकऱ्यांची संमती नसेल तर सरकार जमीन घेऊच शकत नाही’ हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. ते 2013 च्या भूसंपादन कायद्यातून आलेलं आहे. त्या कायद्यात सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला 70 टक्के आणि खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला 80 टक्के बाधितांची संमती लागते, शिवाय सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो. पुरंदरचं संपादन मात्र महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961 खाली चाललं आहे. 2018 मध्ये राज्याने 2013 च्या कायद्यात कलम 105-अ आणि पाचवी अनुसूची घालून हा 1961 चा कायदा त्या तरतुदींमधून बाहेर काढला. त्यामुळे हरकतीत 70 टक्क्यांचा मुद्दा एकटाच लिहिला, तर तो पहिल्या फेरीतच बाद होतो. ज्यांचं सगळं लढणं या एका आकड्यावर उभं आहे, त्यांनी हे वेळीच समजून घेणं फार गरजेचं आहे.

1961 च्या कायद्यातला क्रम असा. कलम 32(2) ची नोटीस म्हणजे जमीन का घेऊ नये याचं कारण दाखवण्याची संधी. 32(3) मध्ये हरकतदाराचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकून आदेश होतो. त्यानंतर 32(1) ची अधिसूचना राजपत्रात निघाली की 32(4) प्रमाणे जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन शासनाकडे जाते. मग 32(5) खाली ताबा सोडायची नोटीस येते आणि तिला 30 दिवस असतात. मोबदल्याचं कलम 33. हा क्रम पाठ ठेवा, कारण जमीन वाचवण्याची हरकत फक्त 32(2) च्या टप्प्यावर चालते. 32(1) निघाल्यावर बहुतेक भांडण पैशांचंच उरतं. 2013 च्या कायद्यात हरकतीला 60 दिवस आहेत, तसे इथे गृहीत धरू नका. आपल्या नोटिशीवर लिहिलेली तारीख हीच मुदत.

हरकत कोण घेऊ शकतं

सातबाऱ्यावरचा खातेदार तर आलाच. शिवाय ‘इतर हक्क’ रकान्यातलं कूळ, गहाणदार, वहिवाटीचा रस्ता किंवा विहिरीतला पाण्याचा हिस्सा असलेला शेजारी आणि मयत खातेदाराचे वारस हेही हितसंबंधित ठरतात. लेकी आणि बहिणी वारस असून फेरफारात नसतील, तरी त्यांनी स्वतंत्र अर्ज द्यावा. नाहीतर पुढे मोबदला वाटताना त्यांचं नाव कुठेच सापडत नाही. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, वारसासाठी पालनकर्ता सही करतो. परगावी किंवा परदेशी असलेल्या खातेदाराने रीतसर कुलमुखत्यारपत्र करून द्यावं, फोनवरची परवानगी चालत नाही.

जोडायची कागदपत्रं

चालू महिन्याचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि 8-अ, हक्क कसा आला ते दाखवणारे फेरफार, गटाचा नकाशा, असल्यास मोजणीची ‘क’ प्रत, आणि आधार. राहतं घर जात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका. विहीर, बोअर, पाइपलाइन, ठिबक, पॉलिहाउस यांच्यासाठी वीजबिल, बँकेचं कर्जखातं, अनुदानाचा आदेश आणि तारीख दिसणारे फोटो. फळबागेची झाडं मोजून, वयासह लिहा: ‘अंजीर 8 वर्षांची, 110 झाडं’ अशी. ‘बागायत जमीन आहे’ या तीन शब्दांना कागदाचं वजन नसतं.

इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, केलेली नसते. शेतात बाग उभी, पण सातबाऱ्यावर ‘पड’, आणि कार्यालय कागद बघतं. दुसरी, आजोबा वारले तरी वारस नोंद नाही. मृत्यू दाखला आणि वारसांचं शपथपत्र जोडून फेरफाराचा अर्ज लगेच द्या आणि त्या अर्जाची पोच हरकतीला जोडा, नोंद व्हायची वाट बघत मुदत घालवू नका. तिसरी, समाईक सातबारा. भावाभावांत वाटप तोंडी झालेलं असतं, प्रत्येकाला आपला तुकडा ठाऊक असतो, पण कायद्याला फक्त समाईक क्षेत्र दिसतं. प्रत्येकाने वेगळी हरकत द्यावी आणि तिच्यात आपला ताबा चतुःसीमेसह लिहावा. जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर ती कोणत्या आदेशाने मिळाली त्याची नक्कलही लावा.

हरकत लिहिताना

नोटिशीचा क्रमांक आणि दिनांक, गाव, गट क्रमांक, हेक्टर-आर मधलं क्षेत्र हे वरच्या चार ओळींत आलं पाहिजे. मग कारणं क्रमांक घालून लिहा आणि शेवटी मागणी स्पष्ट करा: संपादनातून वगळावं, का सीमा सरकवावी, का उरलेला तुकडाही घ्यावा. ही शेवटची मागणी लोकांना सुचत नाही. 60 गुंठ्यांपैकी 50 गेले आणि 10 गुंठ्यांचा त्रिकोण उरला, रस्ता तुटला, विहीर पलीकडे गेली, तर त्या तुकड्याचं काय करणार? ते याच टप्प्यावर लिहायचं.

गावाने एकच मजकूर छापून त्यावर 500 सह्या घेण्याची पद्धत आहे. त्यातून एकजूट दिसते आणि ती दिसायलाही हवी. पण सुनावणीत असे अर्ज एकत्र करून एका ओळीत निकाली निघतात. सामूहिक निवेदन वेगळं द्या, हरकत मात्र ज्याची त्याने आपल्या गटापुरती लिहावी. दोन प्रती करा आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. कार्यालयाने पोच द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. सुनावणीला तोंडी बोललेलं रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, आलं का, हे सही करण्याआधी वाचा. आलं नसेल तर सहीशेजारी तसं लिहा.

ग्रामसभेचा ठरावही जोडावा. पुरंदर अनुसूचित क्षेत्रात नसल्यामुळे ठरावाने संपादन थांबत नाही, पण तो अभिलेखात राहतो. गणपूर्ती, म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100 यांपैकी कमी असेल ती संख्या, भरलेली असावी आणि हजेरीच्या सह्यांसह साक्षांकित नक्कल घ्यावी.

संमतीपत्र देणाऱ्यांसाठी

विमानतळ हवा आहे, जमीन द्यायची तयारी आहे, पण दर नीट हवा, असे खातेदारही या गावांत आहेत आणि त्यांचं म्हणणं तितकंच खरं आहे. संपादित क्षेत्राच्या 10 टक्के विकसित भूखंडाची योजना त्यांच्यासाठी जाहीर झाली. संमतीपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: दर कोणत्या तारखेचा धरला, झाडं-विहीर-घर यांचं मूल्यांकन वेगळं मिळणार का, भूखंड कुठे आणि किती दिवसांत, आणि विकास शुल्क कोण भरणार. नवी मुंबई विमानतळाच्या बाधितांना 22.5 टक्के विकसित जमिनीची योजना होती, ती तुलनेसाठी डोळ्यांसमोर ठेवा. आपसातल्या करारातला दर कलम 33(2) खाली ठरतो आणि एकदा ठरला की वाढीव मोबदल्याची वाट जवळपास बंद होते. एकाच गटावर एका हाताने हरकत आणि दुसऱ्या हाताने संमतीपत्र दिलं, तर हरकत सोडली असंच धरलं जातं.

संयुक्त मोजणीच्या दिवशी विरोध म्हणून शेतात न जाणं हा अनेकांचा निर्णय असतो. त्यामागची चीड समजते. पण मालक हजर नसला तरी पंचनामा होऊ शकतो आणि त्यात सुटलेली बोअर नंतर आत घालायला वर्षं लागतात. हजर राहून ‘विरोध कायम ठेवून हजर’ असा शेरा लिहिता येतो.

पर्यावरण जनसुनावणी

14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत विमानतळ 7(अ) या नोंदीखाली येतो. आधी अभ्यासाची कार्यकक्षा ठरते, मग मसुदा अहवाल, मग जनसुनावणी. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात किमान 30 दिवस आधी सूचना यावी लागते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक संस्थांत वाचायला ठेवतात. सारांश मराठीत देणं बंधनकारक आहे.

इथे सातबारा लागत नाही, शुल्क नाही, गणपूर्तीची अट नाही. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायचा हक्क आहे आणि न येणाऱ्याला लेखी मत पाठवता येतं. शेतमजूर, मेंढपाळ, खाली कऱ्हा नदीच्या काठचे शेतकरी, धावपट्टीच्या टोकाच्या गावांतले रहिवासी, पुण्यातले उद्योजक, सगळे इथे आले पाहिजेत. पाठिंबा असणाऱ्यांनीही ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढ्यावर थांबू नये. मालवाहतुकीसाठी शीतगृह हवं, पोहोचरस्ता गावठाणातून नको, अशा अटी लिहिल्या तर त्या पर्यावरण मंजुरीच्या अटींत येऊ शकतात.

अहवाल जाडजूड आणि बहुधा इंग्रजीत असतो, पण सगळा वाचावा लागत नाही. प्रकरणांचा क्रम अधिसूचनेनेच ठरवला आहे. तिसऱ्यात आजची परिस्थिती असते: आपल्या गावची विहीर, ओढा, पाझर तलाव तिथे आहेत का ते बघा. मोजमापं कोणत्या महिन्यांतली आहेत तेही बघा. ओढे कोरडे असताना पाहणी केली, तर कागदावर ओढाच उरत नाही. चौथ्यात परिणाम आणि उपाय असतात. भराव किती, डोंगर किती कापणार, पावसाचं पाणी कुठे वळवणार, रात्रीच्या उड्डाणांचा आवाज कोणत्या गावांवर, हे इथे शोधा. पाचवं प्रकरण पर्यायी जागांचं. ‘हीच जागा का’ हा प्रश्न त्याचा पान क्रमांक सांगून विचारला, तर उत्तर टाळणं कठीण होतं.

बोलायला तीन मिनिटं मिळतील असं धरून चाला. एका माणसाने एकच प्रश्न विचारावा आणि लेखी प्रत मंडळाच्या अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. ते होईपर्यंत उठू नका, कारण राहिलेला मुद्दा तेव्हाच घालून घेता येतो. संतापून सुनावणी उधळली, तर लेखी मतांचा गठ्ठाच पुढे जातो आणि तोंडी काहीच नोंदलं जात नाही.

या नोंदींचा उपयोग होतो. गोव्याच्या मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगित केली, कारण आसपासची जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं अर्जात नीट सांगितलेली नव्हती. जानेवारी 2020 मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ झाला, पण त्या अटी मिळाल्या.

सुनावणीनंतर

इतिवृत्त मंडळाच्या संकेतस्थळावर आणि ग्रामपंचायतीत लागतं. आपला मुद्दा आणि त्यावर प्रकल्पाचं उत्तर शेजारी-शेजारी वाचा. ते मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘माझ्या हरकतीचं काय झालं’ असं विचारू नका, ‘आवक क्रमांक अमुकवर झालेल्या आदेशाची प्रत द्या’ असं मागा. पर्यावरण मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या बैठकांची कार्यसूची आणि इतिवृत्तं केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर येतात, तीही तपासत राहा.

पर्यावरण मंजुरी मिळाली की प्रकल्पाला किमान दोन स्थानिक वृत्तपत्रांत तसं जाहीर करावं लागतं. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे 30 दिवसांत अपील होतं, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळते, आणि 90 वा दिवस उलटला की लवादालाही ते घेता येत नाही. लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. जाहिरात आलेला वृत्तपत्राचा अंक तारखेसह जपून ठेवा, मुदत मोजताना तो लागतो.