पाय जमिनीला टेकतात, पण ब्रेकपर्यंत पोचतात का?

उंची बेताची असली की मोटरसायकलच्या शोरूममध्ये पहिला प्रश्न सीटच्या उंचीचा असतो. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या की बुकिंग होतं. पण सीट ते जमीन हे एक माप आणि सीट ते फूटरेस्ट (ब्रेक आणि गिअर त्याच्या पुढेच असतात) हे दुसरं. गाडी चालताना पाय जमिनीवर नसतात, त्यामुळे दिवसभर संबंध येतो तो दुसऱ्याशीच.

रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिअर ६५० आणि शॉटगन ६५० शेजारी उभ्या करून बघा. इंजिन दोघींचं तेच, ६४८ सीसीचं. सुपर मीटिअरची सीट ७४० मिमी आणि फूटरेस्ट पुढे, म्हणजे फॉरवर्ड. शॉटगनची सीट ७९५ मिमी, पण फूटरेस्ट मधोमध, म्हणजे मिड. सिग्नलला आखूड पायांच्या माणसाला सुपर मीटिअर सोपी पडते. चालताना मात्र शॉटगनचं पेडल त्याच्या पायाशी जवळ येतं.

फॉरवर्डमध्ये पाय ताणलेले राहतात आणि जवळपास सगळा भार माकडहाडावर येतो. खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर जोर देऊन पटकन उठता येत नाही, धक्का थेट कमरेत. पाय कमी पडत असेल तर माणूस नकळत सीटवर पुढे सरकतो, पाठीला बाक येतो. मिडमध्ये तळवे गुडघ्यांच्या खाली येतात, शरीर उचलता येतं. सहा फुटी माणसाचा गुडघा मात्र इथे फार दुमडतो आणि तासाभरात ठणकायला लागतो.

उंचीच्या आकड्यावर फार विसंबू नका. एकाच उंचीच्या दोघांच्या पायांत पाच सेंटीमीटरचा फरक सहज सापडतो. खरी परीक्षा गाडीवरच होते. नेहमीचे बूट घाला, कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, पाठ सीटच्या मागच्या टोकाकडे ठेवा आणि मागचा ब्रेक पूर्ण दाबा. पेडल तळाला गेल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. पाय सरळ झाला किंवा ढुंगण पुढे घसरलं, तर ते फूटरेस्ट तुमच्यासाठी लांब आहे.

मग लोक लिव्हर ‘सेट’ करायला मेकॅनिककडे जातात. त्याने लिव्हर वर-खाली होतो, अंतर कमी होत नाही. गिअर लिव्हर शाफ्टच्या दातांवर बसतो. आधी मार्करने खूण करायची, क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढायचा आणि एकच दात सरकवून पाहायचं. बोल्ट नुसता सैल करून लिव्हर ओढला तर दात खराब होतात. जाड बुटाचा चवडा पाय न उचलता लिव्हरखाली गेला की झालं. ब्रेक पेडलची उंची बदललीत तर थोडा मोकळा खेळ ठेवा, म्हणजे ब्रेक लागण्याआधी पेडल थोडं नुसतंच हललं पाहिजे. तो संपला तर ब्रेक घासत राहतो आणि डिस्क तापते. ब्रेकलाइट वेळेवर लागतो का, तेही बघा, हे हमखास विसरलं जातं.

अंतरच चुकत असेल तर फूटरेस्ट हलवण्याआधी सीटचा विचार करा, खर्च कमी येतो. मिडवर गुडघे दुमडणाऱ्या उंच माणसाला २५ मिमी जादा फोम पुरतो. फॉरवर्डवर पाय न पोचणाऱ्याला पाठीमागे जाड टेकू लावून पुढे बसवता येतं, हँडलही जवळ येतं. फूटरेस्ट पुढे नेलंत तर गिअरचा रॉड लांबवावा लागतो, काही गाड्यांत ब्रेकची नळीही. प्रत्येक जादा सांध्यात ढिलेपणा वाढतो आणि गिअर अर्धवट पडतात.

लेग गार्डवर लावलेले हायवे पेग म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल नव्हेत. तिथे ना ब्रेक, ना गिअर, पाय ताणायची नुसती सोय. गर्दीत आणि घाटात पाय तिथे नकोतच. तो पेडलवर आणण्यात अर्धा सेकंद गेला, तरी ताशी ८० किमी वेगात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते.