हिब्रू पंचांग

हिब्रू पंचांग म्हणजे ज्यू धर्मीयांचे सण, उपास आणि इतर धार्मिक तिथी ठरवणारे चांद्र-सौर पंचांग. यात महिना चंद्राने ठरतो आणि वर्ष ऋतूंशी, म्हणजे सूर्याशी, बांधलेले असते. महिना अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे अमान्त महिने मानणाऱ्या मराठी वाचकाला त्याच्या तिथी चटकन ओळखीच्या वाटतात. 2025 मध्ये तिश्री महिन्याची दहावी तिथी, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास योम किप्पूर, आणि आपला दसरा दोन्ही 2 ऑक्टोबरलाच आले. दिवस मात्र सूर्योदयाला नव्हे, सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून प्रत्येक सण आदल्या संध्याकाळीच लागतो.

मोठे सण पौर्णिमेच्या आगेमागे येतात: पुरीम 14 अदारला, पेसाख 15 निसानला, सुक्कोत 15 तिश्रीला. रोश हशाना हे नववर्ष तेवढे प्रतिपदेला, चंद्र जेमतेम दिसू लागतो तेव्हा. निसान, तिश्री, अदार ही महिन्यांची नावे बाबिलोनची आहेत. तिथल्या निर्वासाच्या काळात ती ज्यूंनी उचलली. पेसाखच्या महिन्याचे त्याआधीचे नाव ‘अवीव’, म्हणजे वसंतात येणारी जवाची कोवळी कणसे. धर्मग्रंथाची आज्ञाच अवीव महिन्यात पेसाख पाळण्याची आहे, आणि साऱ्या पंचांगाचा पेच तिथूनच निर्माण होतो. बारा चांद्रमास सुमारे 354 दिवसांत संपतात, म्हणजे सौर वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. अधिक महिना धरला नाही तर पेसाख मागे सरकत हिवाळ्यात जाईल. रमजान असाच सगळ्या ऋतूंतून फिरतो, कारण हिजरी गणनेत अधिक महिना नाही.

प्राचीन काळी महिना गणिताने नव्हे, साक्षीने सुरू होई. मिश्ना या धर्मसंहितेत त्याचे तपशीलवार वर्णन आहे. चंद्रकोर पाहिलेले लोक जेरुसलेममधल्या बेत याझेक नावाच्या मोठ्या अंगणात जमत. त्यांना पुन्हा यावेसे वाटावे म्हणून तिथे चांगली जेवणावळ असे. साक्ष द्यायला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, मोडून प्रवास करण्याचीही मुभा होती. न्यायमंडळ प्रत्येकाला वेगळे बोलावून विचारी: कोर सूर्याच्या कोणत्या बाजूला होती, किती उंच होती, कुठे कलली होती? साक्ष पटली की प्रमुख ‘मेकुद्दाश’, म्हणजे ‘पवित्र झाला’, असे म्हणे आणि लोक तोच शब्द दोनदा उच्चारत. तिसाव्या दिवशी साक्ष मिळाली नाही, तर चालू महिना तीस दिवसांचा धरत.

जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस इ. स. 70 मध्ये झाल्यानंतर हे काम याव्ने या गावी चाले. तिथले प्रमुख रब्बान गामलिएल यांच्या माडीवर चंद्राच्या आकृत्यांच्या पाट्या होत्या. अडाणी साक्षीदारालाही बोट ठेवून ‘असा दिसला’ असे सांगता येई. एकदा त्यांनी स्वीकारलेली साक्ष रब्बी, म्हणजे धर्मपंडित, यहोशुआ यांना खोटी वाटली. गामलिएलांनी त्यांना निरोप धाडला: तुमच्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पूर येतो, त्या दिवशी काठी आणि पैसे घेऊन माझ्याकडे या. एवढ्या पवित्र दिवशी निषिद्ध असलेले हे करणे म्हणजे आपली गणना सर्वांसमोर मोडणे. यहोशुआ व्यथित झाले. रब्बी अकिवांनी त्यांची समजूत काढली: सण ‘तुम्ही घोषित कराल’ ते, असे वचन आहे, मग घोषणा वेळेवर झालेली असो वा नसो. यहोशुआ गेले. गामलिएल उठून उभे राहिले, त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि त्यांना आपले गुरू आणि शिष्य म्हणाले: ज्ञानात गुरू, शब्द मानला म्हणून शिष्य. चंद्र आकाशात असला तरी तिथी समाजाने एकत्र ठरवायची, हे तत्त्व या प्रसंगाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

घोषणा दूरवर पोहोचावी म्हणून जेरुसलेमजवळच्या ऑलिव्ह पर्वतापासून बाबिलोनच्या दिशेने डोंगरांवर जाळ पेटवत. विरोधकांनी खोटे जाळ पेटवून घोळ घातला, तेव्हा दूत पाठवणे सुरू झाले. दूत वेळेत पोहोचत नसत, म्हणून परदेशातले ज्यू सण दोन दिवस पाळू लागले. गणित आल्यावरही ती चाल राहिली. योम किप्पूर मात्र एकच दिवस.

इ. स. चौथ्या शतकात ज्यूंचा प्रमुख दुसऱ्या हिल्लेलने गणिती पंचांग जाहीर केले, अशी परंपरा आहे. या गणिताचा कणा म्हणजे मोलाद, चंद्राचा मध्यम जन्मक्षण. दोन मोलादांमधले अंतर 29 दिवस, 12 तास आणि 793 हलाकीम. एका तासाचे 1080 हलाकीम होतात. हे मूल्य आजच्या मोजणीहून जेमतेम अर्ध्या सेकंदाने वेगळे आहे! 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो. आपल्याकडे अधिक मास कोणत्या महिन्याला जोडायचा ते संक्रांतींवरून ठरते. इथे तो नेहमी अदारच, आणि पुरीम दुसऱ्या अदारात.

पण मोलाद हा शेवटचा शब्द नाही. रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ देत नाहीत. बुधवारी वा शुक्रवारी आले, तर योम किप्पूर शब्बाथला लागून येईल आणि सलग दोन दिवस स्वयंपाकही करता येणार नाही, दफनही. रविवारी आले, तर सुक्कोतच्या सातव्या दिवशी शब्बाथ पडून विलोच्या फांद्या आपटण्याचा विधी अडेल. हे साधण्यासाठी हेश्वान आणि किस्लेव महिन्यांत एक दिवस कमी-जास्त करतात. त्यामुळे वर्ष 353, 354, 355, 383, 384 किंवा 385 दिवसांचे होते. सरासरी वर्ष सौर वर्षाहून सहा-सात मिनिटांनी मोठे असल्याने पेसाख दोनशेहून थोड्या अधिक वर्षांत एक दिवस पुढे सरकतो.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, अनेक शतके ज्यू विद्येच्या केंद्रांपासून दूर राहिले. तरी त्यांचे सण त्यांनी मराठी नावांनी जपले. नववर्ष हा नव्याचा सण, योम किप्पूर हा दारे लावून घेण्यावरून दारफळणीचा सण, आव महिन्याच्या नवव्या तिथीचा उपास हा बिरड्यांचा रोजा, आणि पुरीम, जो बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो, तो होळीचा सण. मुंबईत 1796 मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनागृह (सिनेगॉग) उभे राहिले, आणि पुढे बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढत गेला तशी या सणांना हिब्रू नावांचीही जोड मिळाली.