मनोरुग्णालयाच्या फाटकाबाहेरचे आईबाप

स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रमांचा आजार) किंवा बायपोलर आजार (टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी यांचा आजार) बहुधा ऐन तरुणपणात सुरू होतो. मुलगा कॉलेजात असतो, मुलीची नुकतीच नोकरी लागलेली असते. त्यामुळे डॉक्टरांकडे घेऊन येणारे बहुतेक वेळा आईवडीलच असतात, आणि ओपीडीत पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण आलंय?" सोबतच्या माणसाला इतकं महत्त्व मिळालं ते मात्र अलीकडे.

१९१२ च्या इंडियन लुनसी ॲक्टचा, म्हणजे मनोरुग्णांविषयीच्या इंग्रजी अमलातल्या कायद्याचा, भर कोठडीवर होता. नातेवाइकाने अर्ज करायचा, मॅजिस्ट्रेटने आदेश काढायचा आणि माणूस आत जायचा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चारही मोठी मनोरुग्णालयं इंग्रजी अमलातली. उपचारात आईबापांना वाटा नव्हता.

दोष मात्र त्यांच्या पदरी पडला. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी मुलात स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. या कल्पनेला पुरावा कधीच मिळाला नाही. तरीही "तुमच्याच वागण्याने असं झालं" हे कित्येक आयांना ऐकावं लागलं, आजही लागतं. मला हा या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

पन्नासच्या दशकात अमृतसरमध्ये काही वेगळंच घडत होतं. तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्या सागर यांनी खच्चून भरलेल्या रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. आपलं माणूस बरं होताना घरच्यांनी स्वतः पाहिलं. त्याची काळजी कशी घ्यायची, घरी नेल्यावर काय सांभाळायचं, हे ते तिथेच शिकले. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही घरच्या माणसाला रुग्णासोबत ठेवून घेण्याची पद्धत रुजवली. यामागे खाटांची आणि कर्मचाऱ्यांची टंचाई होती हे खरं, पण त्या टंचाईतून जे हाती आलं ते मोलाचं होतं. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध वापरात आल्यावर घरी राहून उपचार घेणं आणखी शक्य झालं.

पुढे लंडनमध्ये संशोधक जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ज्या घरात सतत टीका, राग किंवा टोकाची भावनिक गुंतवणूक असते तिथे परतलेल्या रुग्णाचा आजार जास्त वेळा उलटतो. चंदीगडच्या अभ्यासात अशी घरं लंडनपेक्षा कमी आढळली. हे निष्कर्ष आजार उलटण्याबद्दलचे होते, तो कशामुळे होतो याबद्दलचे नव्हते. त्यांचा चांगला उपयोग म्हणजे कुटुंबाला आजार समजावून सांगणं. महाराष्ट्रात या कामाला स्वमदत गटांनी बळ दिलं. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. अशा गटांत सांभाळणारा शुभंकर आणि रुग्ण शुभार्थी म्हणून ओळखला जातो.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले रुग्ण सुटू शकले नाहीत. २८ जण गेले. घरी सांभाळणं अशक्य झाल्यावर, तिथल्या दर्ग्यात गुण येईल या आशेने, घरच्यांनीच त्यांना तिथे आणून ठेवलं होतं. त्यांना निर्दय ठरवण्याआधी त्यांच्यापुढे दुसरी कोणती दारं उघडी होती, हे विचारायला हवं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडांवर बंदी घातली. सज्ञान रुग्ण आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारा माणूस, स्वतः निवडतो; ती निवड आईवडिलांचीच असेल असं नाही. रुग्ण तयार नसेल तर प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, आधी ३० दिवसांपर्यंतच दाखल करता येतं. मुलाला आपण आजारी आहोत हेच पटत नसेल, तर या अटी आईवडिलांना जाचक वाटतात. पण एकदा आत गेलेला माणूस आतच राहिल्याचा इतिहास पाहिला, तर त्या का आल्या हे समजतं.

सत्तरीतल्या आईबापांचा प्रश्न वेगळाच असतो: "आमच्यानंतर याचं कोण बघणार?" १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे, नुसता मानसिक आजार त्यात बसत नाही. २०१७ च्या कायद्याने हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधला तात्पुरता निवारा) आणि आधारासह निवासाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ती घरं गावोगावी उभी राहायची आहेत.