पुरानंतरचा पैसा वेगळा, पुराआधीचा वेगळा

पांझरेच्या पुरात धुळ्यातली नदीकाठची भिंत खचली, तर ‘आपत्ती निधीतून नवी, उंच भिंत द्या’ असा प्रस्ताव टिकत नाही, कारण त्यात दोन निधींची कामं एकत्र केलेली असतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ४८ मध्येच राज्याचा प्रतिसाद निधी (लघुनाव एसडीआरएफ, आपत्तीनंतरच्या मदतीसाठी) आणि सौम्यीकरण निधी (आपत्तीआधी धोका कमी करण्यासाठी) वेगळे आहेत. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीच्या एकूण रकमेचे ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला दिले. महाराष्ट्रासाठी दोन्हींत केंद्राचा वाटा ७५ आणि राज्याचा २५ टक्के.

प्रतिसाद निधी घटना घडल्यानंतर लागू होतो. २०२२-२६ च्या निकषांप्रमाणे मृताच्या वारसांना ४ लाख, सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. शहराच्या वाट्याला यातून येते ती मुख्यतः मोडलेल्या सार्वजनिक सुविधांची तातडीची दुरुस्ती. होतं तेवढं पुन्हा चालू करायचं, त्याहून मोठं नाही. सगळी मदार पंचनाम्यावर: आपत्ती अधिसूचित हवी, तारीख आणि पाणीपातळी नोंदलेली हवी, फोटो जिओ-टॅग असावेत. पंचनाम्यात ‘बांधकाम जुने व जीर्ण होते’ असं वाक्य पडलं, की नुकसानीचं कारण पूर न राहता वय ठरतं आणि दावा तिथेच दुबळा होतो.

सौम्यीकरण निधीला पंचनामा लागत नाही, धोका सिद्ध करावा लागतो. जळगावच्या लेंडी नाल्यावरची अरुंद मोरी रुंद करायची असेल, तर नकाशा, पाणी किती भरतं याची नोंद आणि किती घरं वाचतील याचा हिशोब हवा. नदीकाठचं काम असेल, तर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभागाकडून आधीच मागवावी. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा तापीकाठी इशारा पोचवणारी भोंगा-यंत्रणाही यात मांडता येते. खर्च कमी आणि जीव वाचतात, म्हणून असं काम आधी सुचवावं. वित्त आयोगाचा भर स्थानिक, लहान कामांवर आहे. मोठे पूरतट (पूर अडवणारे बांध) नियमित विकास योजनांतून करायचे, आणि दरवर्षीची नालेसफाई किंवा देखभाल या निधीत बसतच नाही.

अग्निशमन बंब यांपैकी कशातून? प्रतिसाद निधीच्या साडेबारा टक्क्यांत पूर्वतयारी व क्षमताबांधणीची वेगळी खिडकी, म्हणजे राखीव हिस्सा, आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या अशाच खिडकीतून २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना सुरू झाली. महापालिकेने बंबाची मागणी त्या योजनेसाठीच्या राज्याच्या आराखड्यात घालावी. धुळ्यात तैनात असलेलं एसडीआरएफ हे बचाव दल आहे. निधीचं लघुनाव तेच असलं तरी त्या दलाचा या निधीवाटपाशी संबंध नाही.

खचलेल्या भिंतीचे म्हणून दोन कागद करा. मोडलेल्या भागाची तात्पुरती दुरुस्ती पंचनाम्यासह प्रतिसाद निधीत. उंची वाढवायचं काम पूररेषा, जागेचा ताबा आणि तांत्रिक मान्यतेसह सौम्यीकरणात. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत पाठवा. अंदाजपत्रकातली एकही बाब दोन्हीकडे येऊ देऊ नका, आणि तीच भिंत जिल्हा वार्षिक योजनेत आधीच मंजूर आहे का, हे नियोजन कार्यालयात विचारून घ्या.