टर्बोवाली डिझेल गाडी चढावर अचानक ढिली पडते तेव्हा

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा चढ लागतो, तुम्ही ट्रक ओव्हरटेक करायला पाय दाबता आणि गाडी एकदम मान टाकते, आरपीएम ३०००च्या वर जायलाच तयार नाही, मागचा हॉर्न मारतोय. कशीबशी साइडला घेऊन बंद करून परत चालू केली तर गाडी टकाटक, जसं काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा न बघताच निकाल लागतो, "टर्बो गेला". म्हणजे मोठा खर्च.

पण जरा विचार करा, मेलेला टर्बो चावी फिरवून जिवंत होतो का? खरंच गेलेला टर्बो शिट्टी मारतो, ऑइल पितो, निळा धूर सोडतो, आणि रीस्टार्टने त्याला काही फरक पडत नाही. चावीने बरी होणारी गाडी बहुतेक वेळा लिम्प मोडमध्ये गेलेली असते, म्हणजे ईसीयूने, गाडीच्या इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, मुद्दाम पॉवर कापलेली असते.

टर्बोमध्ये एका बाजूला सायलेन्सरकडे जाणारा गरम गॅस टर्बाइन फिरवतो आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा कंप्रेसर इंजिनात हवा कोंबतो, स्पीड मिनिटाला लाखाच्या पुढे जातो. बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात, कमी आरपीएमला ती मिटून फट अरुंद करतात म्हणजे गॅस जोरात आदळतो, वर गेलं की उघडतात. ही पाती हलवायला एक तर इलेक्ट्रिक मोटर नाहीतर व्हॅक्यूमवर चालणारी डबी. ईसीयू सतत बघत असतो की मी मागितलं किती प्रेशर आणि मिळालं किती, दोघांत फरक पडला आणि काही सेकंद तसाच राहिला की तो हात आखडता घेतो.

आता मजा ईसीयूने नोंदवलेल्या बिघाडाच्या कोडमध्ये आहे. स्कॅनरवर पी ०२९९ आला तर बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचं प्रेशर, कमी पडतोय, पी ०२३४ आला तर जास्त होतोय. दोन्हीला दुखणं वेगळं, आणि कोड फक्त लक्षण सांगतो, कुठला पार्ट ते नाही. जास्त बूस्ट म्हटलं की पहिला संशय पात्यांवर, रोज ट्रॅफिकमध्ये कमी आरपीएमला रखडणाऱ्या गाडीत तिथे काजळी बसते, पाती मिटलेल्या जागीच अडकतात आणि चढावर गॅस वाढला की प्रेशर उसळतं. कमी बूस्टला आधी पाइप बघा. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला बारीक चीर असेल तर उभ्या गाडीत ती दिसणारच नाही, प्रेशर आलं की तोंड उघडते, फक्त तिथे तेलकट डाग सापडतो, कधी काळा धूरही येतो. व्हॅक्यूमची बारकी रबरी नळी तर इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकते, किंमत अगदी किरकोळ, आणि हिच्यापायी लोकांनी टर्बो बदललेत.

म्हणून स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनिंग सॉकेटमध्ये बसणारा छोटा रीडर) मोबाइलला जोडा आणि शेजारी बसलेल्याला लाइव्ह डेटा रेकॉर्ड करायला सांगा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, लोड देऊन. उभ्या गाडीला रेस करून यातलं काही कळत नाही. मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर एकत्र बघा (स्वस्त ॲपमध्ये कधीकधी मागितलेलं दिसतच नाही, मग गाडीला चालणारं चांगलं ॲप घ्यावं लागतं). बूस्ट बरोबर आहे पण रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर, कोसळतंय, तर टर्बोला सोडा आणि डिझेल फिल्टर बघा. बीएस-६ गाडी असेल तर डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) चोंदलाय का तेही.

सेन्सरवर विश्वास ठेवायच्या आधी एक फुकटची टेस्ट आहे, इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग बघायचं. तेव्हा तो नुसती बाहेरची हवा मोजतो, म्हणजे मुंबईत साधारण १०१० मिलीबार, पुण्यात ९५०, महाबळेश्वरला ८६०च्या आसपास. पुण्यात उभी गाडी ११०० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा काजळीने माखलाय.

पात्यांचा संशय असेल तर मेकॅनिकला हाताचा व्हॅक्यूम पंप डबीला लावायला सांगा. रॉड सरसर आत-बाहेर झाला पाहिजे आणि पंप थांबवल्यावर जागेवर टिकला पाहिजे. हळूहळू परत आला तर डबीचा पडदा फाटलाय, मध्येच अडखळला तर काजळी, आणि मक्खन चालला तर सोलेनॉइड (डबीला व्हॅक्यूम सोडणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) आणि त्याच्या नळ्या तपासायच्या. इंजिन गरम असतानाच करा, कारण थंड असताना नीट चालणारी पाती तापल्यावर अडकू शकतात.